ब्लेअर ‘पॅडी’ मेन: एसएएसच्या या अधिकाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धावर लिहायला लागल्यापासून माझ्याकडे ज्या एका अधिकाऱ्याबद्दल सतत विचारणा होते, तो म्हणजे उत्तर आयर्लंडचा हा वकील. टीव्हीवर एसएएसची (स्पेशल एअर सर्व्हिस, ब्रिटिश लष्कराचं विशेष दल) मालिका आली आणि प्रश्नांचा ओघ आणखी वाढला. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. जे एकदा सांगून झालं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं मत आधीच सांगतो: दारू आणि मारामारीच्या किश्श्यांतून मेन समजत नाही. त्याच्या छाप्यांची आखणी बघा आणि सोबतची माणसं परत आणण्यासाठी त्याने काय केलं ते बघा, मग हा अधिकारी दिसायला लागतो.

१. पॅडी मेन कोण होता? थोडक्यात सांगा.

रॉबर्ट ब्लेअर मेन. जन्म ११ जानेवारी १९१५, न्यूटाउनार्ड्स, काउंटी डाउन. शिक्षणाने सॉलिसिटर, आयर्लंडचा रग्बी खेळाडू आणि महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाचा अगदी सुरुवातीचा अधिकारी. १९४१ मध्ये लेफ्टनंट म्हणून दाखल झाला आणि युद्ध संपलं तेव्हा लेफ्टनंट कर्नल म्हणून पहिल्या एसएएस रेजिमेंटचं नेतृत्व करत होता. डीएसओ हे पदक त्याला चार वेळा मिळालं. शिवाय फ्रान्सने लेजियन ऑफ ऑनर आणि क्रोआ द गेर दिलं. १४ डिसेंबर १९५५ ला गावातच मोटार अपघातात गेला. वय अवघं ४०.

२. ‘पॅडी’ हे खरं नाव का?

नाही. ब्रिटिश सैन्यात आयरिश माणसाला सर्रास पॅडी म्हणत, तसं ते चिकटलं. घरी आणि गावात तो ब्लेअरच होता. न्यूटाउनार्ड्समधल्या रस्त्यालाही ब्लेअर मेन असंच नाव आहे.

३. एसएएस आधीपासून होती की याच लोकांनी काढली?

याच लोकांनी. डेव्हिड स्टर्लिंग या तरुण अधिकाऱ्याने जुलै १९४१ मध्ये इजिप्तमध्ये, सुएझ कालव्याजवळ ‘काब्रीत’ या ठिकाणी तिची सुरुवात केली. कल्पना साधी होती. शत्रूच्या आघाडीमागे खूप आत, जिथे पहारा ढिला असतो तिथे, दोनशे माणसं पाठवण्याऐवजी चार-पाच जणांच्या टोळ्या पाठवायच्या. हवाई तळावरची विमानं जमिनीवरच उडवायची आणि उजाडायच्या आत वाळवंटात नाहीसं व्हायचं.

पहिलं नाव ‘एल डिटॅचमेंट, स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड’. अशी ब्रिगेड प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती. ब्रिटिशांकडे हवाई छत्रीधारी सैनिकांची मोठी फौज आहे असं शत्रूला भासावं म्हणून कैरोतल्या फसवणूक विभागाने ते नाव आधीच पसरवलं होतं. स्टर्लिंगची पाच-सहा डझन माणसं त्या नावाखाली उभी राहिली.

४. सैन्यात येण्याआधी तो काय करायचा? रग्बीचं खरं आहे का?

अगदी खरं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात कायदा शिकताना तो १९३६ मध्ये आयरिश विद्यापीठांचा हेवीवेट बॉक्सिंग विजेता झाला. आयर्लंडसाठी सहा आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला. १९३८ मध्ये ब्रिटिश लायन्स या निवडक रग्बी संघाच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर गेला आणि तिन्ही कसोटी सामन्यांत मैदानात होता. सहा फुटांहून उंच, रुंद खांद्यांचा, आणि बोलायला मात्र हळू आवाजाचा. १९३९ च्या सुरुवातीला युद्धाची चाहूल लागली तेव्हा न्यूटाउनार्ड्समधल्या राखीव सैन्याच्या विमानविरोधी तोफखान्यात तो भरती झाला.

५. एसएएसच्या आधी त्याने लढाई पाहिली होती का?

हो, लितानी नदीवर. तोफखान्यातून रॉयल अल्स्टर रायफल्समध्ये आणि तिथून स्वेच्छेने अकराव्या (स्कॉटिश) कमांडोत तो गेला. ९ जून १९४१ ला ही तुकडी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर, विशी फ्रेंच (जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारच्या) सैन्यासमोर उतरली. कमांडिंग ऑफिसर मारला गेला, तुकडीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग मृत किंवा जखमी झाला. मेनच्या टोळीने कैदी पकडले आणि ती मागे सुखरूप पोचली. युद्धवृत्तांत त्याचा नावाने उल्लेख झाला. सगळं विस्कटलेलं असताना डोकं शांत ठेवायचं, हा त्याचा गुण पहिल्यांदा इथे नोंदला गेला. मला ही लढाई वाळवंटातल्या छाप्यांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण स्टर्लिंगला असाच माणूस हवा होता.

६. वरिष्ठाला ठोसा मारून तो तुरुंगात होता आणि स्टर्लिंगने त्याला कोठडीतून उचललं, हे खरं का?

कमांडोतल्या एका वरिष्ठाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, यावर फारसा वाद नाही. कोठडीचा प्रसंग मात्र नंतर रंगत गेला. पुढच्या अभ्यासकांना त्याला कागदोपत्री आधार सापडलेला नाही. गोष्ट सांगायला झकास आहे म्हणून ती टिकली. त्यात नुकसान असं की लितानीवरचं काम (प्रश्न ५) झाकलं जातं आणि त्याची निवड केवळ दांडगाईमुळे झाली असा समज होतो.

७. एसएएसचा पहिला छापा फसला म्हणतात. मेन त्यात होता?

होता. १६ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री गझाला आणि त्मिमी इथल्या हवाई तळांजवळ पॅराशूटने उतरायचं ठरलं. त्या रात्री वाळूचं भयंकर वादळ होतं. जमिनीवर आपटून काहीजण जायबंदी झाले, वाऱ्याने काहींना फरफटत नेलं, बाँबच्या पेट्या सापडेनात. वर पाऊस. पन्नासहून थोडी जास्त माणसं गेली आणि वीस-बावीसच परतली. एकही विमान उडालं नाही. मेनचा जिवाभावाचा मित्र इऑइन मॅकगॉनिगल त्यातच गेला. मेन अल्स्टरचा प्रॉटेस्टंट आणि मॅकगॉनिगल कॅथलिक. त्या काळच्या आयर्लंडमध्ये अशी मैत्री सहज होत नसे.

यातून जो धडा घेतला गेला त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. आकाशातून उड्या मारणं थांबवलं. वाळवंटाची खडान्‌खडा माहिती असलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकमधून तळाजवळ जायचं, शेवटचं अंतर पायी कापायचं आणि काम उरकून ठरलेल्या जागी परतायचं.

८. तामेतच्या छाप्यात त्याने हातांनी विमानाचा डॅशबोर्ड उपटला म्हणे. नेमकं काय झालं?

पहिला छापा फसून महिनाही झाला नव्हता. १४ डिसेंबर १९४१ च्या रात्री लिबियात सिर्तजवळच्या तामेत तळावर मेन मूठभर माणसं घेऊन पोचला. तळाच्या कडेला एका खोलीच्या दाराखालून उजेड येत होता आणि आतून गप्पांचा, हसण्याचा आवाज. वैमानिकांची बैठक चालली होती. मेनने दार ढकललं आणि त्याच्या टोळीने गोळीबार केला. मग अंधारात रांगेने उभ्या विमानांवर बाँब लावत ते पुढे गेले. बाँब संपले, एक विमान उरलं. मेन कॉकपिटमध्ये चढला आणि त्याने यंत्रांची पाटी ओरबाडून काढली, असं सोबतच्यांनी सांगितलं आहे. त्या रात्रीचा हिशेब २४ विमानांचा. त्याच वेळी स्टर्लिंग सिर्तकडे गेला होता, त्याच्या हाती काहीच लागलं नाही.

दोन आठवडे जेमतेम झाले आणि २७ डिसेंबरला मेन पुन्हा त्याच तळावर गेला. आणखी २७ विमानं. धाडस तर आहेच, पण त्यामागचा हिशेब बघा: एकदा फटका बसलेल्या ठिकाणी शत्रू लगेच पुन्हा येणार नाही, असं पहारेकरी धरून चालतात. या कामगिरीसाठी त्याला पहिला डीएसओ मिळाला.

खोलीत बसलेल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडणं योग्य होतं का, असंही काहीजण विचारतात. तेव्हाही यावर कुजबुज झाली होती आणि स्टर्लिंगला ते रुचलं नव्हतं. प्रशिक्षित वैमानिक विमानापेक्षा महाग, हे युद्धातलं गणित मेनने मानलं. मला तो प्रसंग वाचताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, आणि तो वगळून मेनचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आणखी एक. त्याच महिन्यात बिल फ्रेझरच्या पाच जणांच्या टोळीने अजदाबियाला ३७ विमानं उडवली. ते नाव कोणी विचारत नाही. विचारायला हवं.

९. एवढ्याशा बाँबने विमान कसं उडायचं? आणि जीप कुठून आल्या?

जॉक ल्युइस या अधिकाऱ्याने तो बाँब खास या कामासाठी तयार केला होता. प्लास्टिक स्फोटक, आग लावणारं थर्माइट आणि डिझेल तेल मळून केलेला गोळा, वजन जेमतेम अर्धा किलो, कापडी पिशवीत. पेन्सिलच्या आकाराच्या फ्यूजमध्ये आम्ल असायचं. ती चेपली की आम्ल हळूहळू तार खायचं, तार तुटली की ठिणगी. पंखावर, इंधनाच्या टाकीच्या वर ठेवायचा. नुसत्या स्फोटाने भोक पडतं, नुसत्या आगीने टाकी फुटत नाही. या गोळ्याने दोन्ही व्हायचं. एका माणसाला असे बरेच गोळे पाठीवर नेता येत. ल्युइस स्वतः डिसेंबर १९४१ च्या अखेरीस छाप्यावरून परतताना विमानाच्या हल्ल्यात मारला गेला.

जीपचा वापर मात्र अडचणीतून सुचला. जुलै १९४२ मध्ये बागुशच्या तळावर मेनच्या टोळीने बाँब लावले, पण स्फोटकांना चेतवणारे प्रायमर दमट झाल्याने बरेचसे उडालेच नाहीत. मग गाड्या सरळ धावपट्टीवर घालून त्यांनी उरलेली विमानं मशीनगनने टिपली. त्या विकर्स के बंदुका मुळात विमानांसाठी केलेल्या, मिनिटाला हजारच्या आसपास गोळ्या टाकणाऱ्या. थोड्याच दिवसांत, २६ जुलैच्या रात्री, सिदी हनीशच्या तळावर जीपची अख्खी रांगच घुसली.

१०. चार डीएसओ म्हणजे चार वेगळी पदकं छातीवर लावायची का?

नाही. डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, अधिकाऱ्यांसाठीचा मोठा लष्करी सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या खालचा. पदक एकदाच मिळतं, पुढच्या प्रत्येक वेळी फितीवर एक धातूची पट्टी चढते. तिला बार म्हणतात. मेनचा हिशेब असा: पहिला डीएसओ वाळवंटासाठी (प्रश्न ८), पहिला बार सिसिलीसाठी (प्रश्न ११), दुसरा फ्रान्ससाठी (प्रश्न १२), तिसरा जर्मनीसाठी (प्रश्न १३). संपूर्ण युद्धात तीन बार मिळवणारे अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘ब्रिटनचा सर्वाधिक पदकं मिळवलेला सैनिक’ असं त्याला छातीठोकपणे म्हणू नका. ‘सर्वाधिक पदकं मिळवलेल्यांपैकी एक’ हे बरोबर.

११. स्टर्लिंग पकडला गेल्यावर एसएएसचं काय झालं?

जानेवारी १९४३ मध्ये ट्युनिशियात स्टर्लिंग जर्मनांच्या हाती लागला. बरीचशी माहिती त्याच्या डोक्यातच होती, त्यामुळे दल मोडीत निघायची वेळ आली. मोठी आफ्रिकी विमानतळं हातात आल्यावर याची गरज काय, असं म्हणणारे कैरोत होतेच. दल टिकलं, पण त्याचे दोन तुकडे झाले: लॉर्ड जेलिकोकडे नौकांचं पथक आणि मेनकडे स्पेशल रेडिंग स्क्वॉड्रन, म्हणजे छापेमार पथक. काम बदललं. आता रात्री दबकत जाण्याऐवजी मुख्य सैन्याच्या पुढे किनाऱ्यावर उतरायचं होतं. मेनने माणसांकडून डोंगर-दऱ्यांत इतका सराव करून घेतला की प्रत्यक्ष हल्ला त्यापुढे सोपा वाटावा.

१० जुलै १९४३ ला सिसिलीत कापो मुर्रो दी पोर्को या भूशिरावर तीनशेहून कमी माणसांनी किनारी तोफांचे मोर्चे एकामागून एक घेतले. शेकडो कैदी, आणि आपल्या बाजूचा एक मृत्यू. दोन दिवसांनी भर दिवसा ऑगुस्ता बंदर. त्यांना नेणारं जहाज होतं ‘अल्स्टर मोनार्क’, युद्धाआधी बेलफास्ट आणि लिव्हरपूलमध्ये प्रवासी ने-आण करणारं. मेनच्या गावापासून पाऊण तासाच्या अंतरावरच्या बंदरातली ही बोट त्याला सिसिलीच्या किनाऱ्यावर सोडत होती.

तेरमोली मात्र महाग पडलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव कमांडोंसोबत घेतलं, आणि मग जर्मनांच्या सोळाव्या पँझर डिव्हिजनने उलट हल्ला केला. माणसं चढत असलेल्या एका ट्रकवर गोळा पडला आणि एका क्षणात स्क्वॉड्रनचे १८ जण गेले. पदकांच्या यादीत या लढाईला वेगळी जागा नाही, पण मेनने गाव सोडलं नाही.

१२. फ्रान्समध्ये त्याने काय केलं? तिथली माहिती फार कमी मिळते.

कारण तिथलं काम विखुरलेलं होतं. १९४४ च्या सुरुवातीला पथक पुन्हा पहिली एसएएस रेजिमेंट झालं, मेन लेफ्टनंट कर्नल झाला आणि स्कॉटलंडमधल्या डार्वेल गावी तयारी सुरू झाली. नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरल्यावर त्याच्या टोळ्या फ्रान्सच्या पोटात उतरल्या, रेल्वे उखडायला, इंधनाचे साठे हवाई दलाला दाखवायला, फ्रेंच प्रतिकारकांना शस्त्रं पुरवायला. ऑगस्टमध्ये मेन स्वतः पॅराशूटने उतरला आणि शत्रूच्या मुलखातून जीपने एका तळावरून दुसऱ्या तळावर फिरत राहिला. रेजिमेंटच्या प्रमुखाने हे करायची गरज नव्हती.

यात किती धोका होता हे बुलबास्केट मोहिमेवरून कळतं. जुलै १९४४ मध्ये पकडलेल्या त्याच्या तीस सैनिकांना जर्मनांनी सेंट-सोवांच्या जंगलात गोळ्या घातल्या. ते गणवेशात होते, युद्धकैदी होते. कमांडोंना जिवंत ठेवू नका, हा हिटलरचा १९४२ चा हुकूम होता.

१३. ९ एप्रिल १९४५ ला नेमकं काय घडलं?

वायव्य जर्मनीत, ओल्डेनबर्गच्या दिशेने. चौथ्या कॅनेडियन आर्मर्ड डिव्हिजनच्या पुढे मेनच्या जीप वाट शोधत चालल्या होत्या. पुढची तुकडी घरांमधून आणि झाडीतून आलेल्या माऱ्यात अडकली. मेजर डिक बाँड मारला गेला, बाकीचे रस्त्याकडेच्या चरात, डोकं वर काढता येईना. मेन पोचला, त्याने परिस्थिती पाहिली. आधी ब्रेन मशीनगनने एका घरातला मारा बंद पाडला. मग स्वयंसेवक विचारला. लेफ्टनंट जॉन स्कॉट मागच्या बंदुकीवर बसला. मेनने जीप उघड्या रस्त्यावरून, सरळ माऱ्यातून नेली, स्कॉट गोळ्या झाडत राहिला. वळवली, पुन्हा नेली. शेवटी चरापाशी थांबवली, खाली उतरला आणि जखमींना एकेक करून उचलून जीपमध्ये ठेवलं.

शिफारसपत्रातला क्रम आणि प्रत्यक्षदर्शींनी नंतर सांगितलेला क्रम काही तपशिलांत जुळत नाहीत: घर आधी की जीप, फेऱ्या किती. चरातली माणसं जिवंत परत आली आणि ती मेनने आणली, यावर मात्र कोणाचं दुमत नाही.

१४. मग व्हिक्टोरिया क्रॉस का नाही दिला?

शिफारस व्हिक्टोरिया क्रॉससाठीच होती. एसएएस ब्रिगेडचा प्रमुख माइक कॅल्व्हर्ट, जो रोहतकमध्ये जन्मलेला आणि ब्रह्मदेशात लढून आलेला होता, त्याने ती पुढे नेली. कॅनेडियन अधिकाऱ्यांनी दुजोरा दिला, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीची संमती मिळाली. लंडनमध्ये ती खाली उतरवून तिसरा बार दिला गेला. एकट्याचं ठळक कृत्य म्हणून ते बसत नाही, त्यात स्कॉटही होता, असं कारण सांगितलं जातं. बेशिस्तीची जुनी ख्याती नडली असंही बरेच मानतात. राजे सहावे जॉर्ज यांनी याचं आश्चर्य व्यक्त केल्याची आठवण प्रसिद्ध आहे.

मराठी वाचकांना एक तारीख दाखवतो. त्याच दिवशी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव लढत होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित नेलं, मग परत जाऊन तीन मशीनगनचे मोर्चे मोडले आणि बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो पुरेपूर योग्य होता. दोन्ही ठिकाणी गाभा एकच: माऱ्यात पडलेल्या आपल्या माणसांकडे परत जाणं. म्हणूनच मेनचं कृत्य निकषात बसत नव्हतं हे मला पटत नाही.

१५. मालिकेत दाखवतात तसा तो खरंच दारुडा आणि माथेफिरू होता का?

दारू प्यायचा, भरपूर. प्यायल्यावर हात उचलायचा, हेही खरं. मित्रांनीच लिहून ठेवलं आहे. पण माथेफिरू माणूस माणसं कमीत कमी गमावून एका दिवसात चार तोफमोर्चे घेत नाही. छाप्याच्या आधी तो नकाशे, पळवाटा, परतीची जागा यांवर तासन्‌तास घालवायचा. सोबतच्यांना त्याच्यासोबत जायला सुरक्षित वाटायचं, हे त्यांनी म्हातारपणीसुद्धा सांगितलं. मालिकेला थोडक्या वेळात रंग भरायचा असतो, तिला दोष देत नाही. तुम्ही मात्र तिथेच थांबू नका.

१६. त्याने एकट्याने शंभर विमानं उडवली, हा आकडा खरा का?

‘एकट्याने’ खोडा. शंभरच्या आसपासचा आकडा त्याच्या नेतृत्वाखालच्या टोळ्यांचा धरावा. शिवाय छापेमार आपला हिशेब अंधारात, ज्वाळा बघत करायचे. जर्मन आणि इटालियन नोंदींत काही विमानं नंतर दुरुस्त झालेली दिसतात. तामेतच्या २४ मध्येही पूर्ण नष्ट आणि नादुरुस्त अशी सरमिसळ आहे.

१७. युद्धानंतर तो कुठे गेला?

ऑक्टोबर १९४५ मध्ये एसएएस बरखास्त झाली. मेन दोन जुन्या साथीदारांसोबत, माइक सॅडलर आणि जॉन टाँकिन यांच्यासोबत, फॉकलंड बेटांच्या अंटार्क्टिक सर्वेक्षणात सामील झाला. पाठीच्या जुन्या दुखण्याने लवकर परतावं लागलं. नंतर उत्तर आयर्लंडच्या लॉ सोसायटीचा सचिव म्हणून शेवटपर्यंत काम केलं. लग्न केलं नाही. पाठीमुळे आवडती रग्बी प्रेक्षकांत बसून बघणंही जड जायचं. डिसेंबर १९५५ मध्ये पहाटे घरी परतताना त्याची रायली गाडी उभ्या लॉरीवर आदळली. गावातल्याच मोव्हिला दफनभूमीत, कुटुंबाच्या जागेत, त्याला पुरलं आहे.

१८. आता मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देता येईल का?

ब्रिटनचा संकेत असा की घटनेला पाच वर्षं उलटल्यावर शौर्यपदक द्यायचं नाही. एक उघडलं तर हजारो जुनी प्रकरणं उघडावी लागतील, हे त्यांचं म्हणणं. २००५ मध्ये शंभरहून अधिक खासदारांनी मेनसाठी संसदेत ठरावाची सूचना मांडली, सरकार बधलं नाही. न्यूटाउनार्ड्सच्या कॉनवे चौकात मात्र १९९७ पासून त्याचा पुतळा आहे.